घोड्याला लागलेला हात

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा. मृदंगवाले, तुम्ही पण हात पुसून घ्या. आता थोडा वेळ नुसतं ऐकायचं.

एक सवाल विचारतो. उत्तर लगेच देऊ नका. लगेच दिलेलं उत्तर बहुतेक करून शेजाऱ्याबद्दलचं असतं. सवाल असा — माणसाच्या हातनं चूक होते, ती नेमकी कधी होते? हात पडला तेव्हा? का पडलेला हात मागं घेऊन, "मी कुठं काय केलं?" म्हणाला तेव्हा?

बघा, माना हलायला लागल्या. मागं बसलेल्या मावश्या तर नवऱ्यांकडं बघायला लागल्या. त्यांच्याकडं नका बघू मावशी, ते ऐकतायत कुठं.

आज पुराणातलं आख्यान नाही लावणार. राजे नाहीत, ऋषी नाहीत. पण राजा आहे बरं का. वजीर आहे, हत्ती, घोडे, उंट आहेत. सगळं सैन्य एका हातभर फळीवर. बुद्धिबळाचं आख्यान आहे! हसू नका. मी सातवी शिकलेला माणूस, ती पण वर्गात बसलो एवढंच. पण बुद्धिबळ येतं मला. म्हणजे हरता येतं. चांगलं हरता येतं.

तर ऐका.

पलूसला आमचं बुद्धिबळाचं एक मंडळ होतं. वाचनालयाच्या वरच्या खोलीत. पंधरा-वीस माणसं. कोण दुकानदार, कोण कारखान्यातला फिटर, कोण पेन्शनवाला. दर रविवारी दुपारी जमायचं, पट मांडायचे, भांडायचं, चहा प्यायचा, घरी जायचं. त्या मंडळाचे म्होरके होते नाना मगदूम. निवृत्त तलाठी. अख्ख्या तालुक्याच्या जमिनी मोजलेला माणूस, त्यामुळं पटावरची चौसष्ट घरं म्हणजे त्यांना परसातली बाग.

या नानांनी मंडळात एक रीत घालून दिलेली. बाहेरगावच्या स्पर्धेत जो हरून येईल, त्यानं पुढच्या रविवारी आपला हरलेला डाव सगळ्यांसमोर मांडायचा. भिंतीवर एक कापडी पट टांगलेला असायचा, घराघराला खिसा शिवलेला. त्यात पुठ्ठ्याच्या सोंगट्या खोचायच्या. हरलेल्यानं स्वतः उभं राहायचं, पहिल्या चालीपासून दाखवायचं आणि जिथं चुकला तिथं थांबून म्हणायचं, "इथं मी चुकलो." सबब सांगायची नाही. आजारी होतो, गोंगाट होता, काही नाही. जिंकलेल्याला कोणी विचारायचं नाही. नाना म्हणायचे, "जिंकलेला डाव घरी बायकोला दाखवा. इथं हरलेला आणा."

केवढी मोठी रीत आहे बघा. आपल्या गावात अशी रीत असती तर? ग्रामसभेत उभं राहायचं आणि म्हणायचं, इथं मी चुकलो. सरपंच, तुम्ही खाली का बघताय? मी नाव घेतलं नाही.

त्या मंडळात एक होते बळवंत आवटी. सगळे त्यांना आप्पा म्हणायचे. पन्नाशीचा गडी, हाडापेरानं बारीक, कानावर पेन्सिल. धंदा काय? वजनकाटे दुरुस्त करायचा. बाजारपेठेतल्या वाण्यापासून गुळाच्या अडत्यापर्यंत ज्याचा काटा बिघडला तो आप्पांकडं. आणि माणूस असा चोख, की आप्पांनी काटा बरोबर आहे म्हटलं की त्यावर कोणी दुसरं वजन ठेवून बघत नव्हतं. दुकानदार तागडीला बोट लावून उभा असला तर आप्पा त्याच्या बोटावर पेन्सिल मारायचे. "बोट काढ," म्हणायचे. "बोटाला पण वजन असतं."

हे वाक्य ध्यानात ठेवा. बोटाला पण वजन असतं.

तर झालं असं. तासगावला एका मंगल कार्यालयात जिल्ह्याच्या निवडीची स्पर्धा होती. पन्नाशीच्या पुढच्या लोकांची. पहिले चार येतील ते जिल्ह्याच्या संघात. आमच्या मंडळातनं त्या संघात आजवर एकही माणूस गेलेला नव्हता. आणि या वर्षी आप्पा असे खेळले, असे खेळले, की शेवटच्या फेरीला गणित एकदम सोपं झालं. हा डाव जिंकला की आप्पा चौथे. हरला की समोरचा चौथा.

समोर कोण होतं? एक बाई होत्या. इंदुताई हिप्परगी. जत भागातल्या, साठीच्या, सरकारी दवाखान्यातनं निवृत्त झालेल्या नर्स. कडक इस्त्रीचं पातळ, हातात छत्री, बोलणं कमी. नवरा नऊ वर्षं अंथरुणाला खिळलेला होता, त्याच्या उशाशी बसून त्याच्याकडनंच त्या हा खेळ शिकल्या. तो गेला, खेळ राहिला. एकट्या एसटीनं यायच्या, खेळायच्या, एकट्या जायच्या.

डाव सुरू झाला. आप्पा पांढऱ्यानं, बाई काळ्यानं. आता या स्पर्धेत काय असतं, प्रत्येक चाल आपल्या हातानं कागदावर लिहावी लागते. आप्पांचं इंग्रजी बेताचं, म्हणून ते मराठीत लिहायचे. घोड्याला 'घ', उंटाला 'उ', वजिराला 'व'. खाली दुसरा कागद, त्यावर छाप उठते. एक पंचांकडं जातो, एक आपल्याकडं राहतो. आणि नियम असा की आधी चाल खेळायची, मग लिहायची. आप्पांना मात्र जुनी खोड. काट्याच्या धंद्यात आकडा आधी वहीत टिपायचा, मग वजन उचलायचं. तसंच ते इथं करायचे. हळूच आधी लिहायचे, मग सोंगटीला हात.

तेविसावी चाल आली. आप्पांना दिसलं, मधलं काळं प्यादं फुकट उभं आहे आणि आपला घोडा ते खाऊ शकतो. मनात गुळाचा खडा विरघळला! कागदावर लिहिलं, 'घ', पुढं घर लिहिलं. हात पुढं केला. घोड्याला कानाला धरून बोटभर उचलला.

आणि तेव्हा दिसलं.

घोड्याच्या मागं उभा आप्पांचा स्वतःचा वजीर. आणि घोड्याच्या समोर, तिरक्या रेषेत, बाईंचा उंट गप बसून वाट बघतोय. घोडा हलला की उंटाची रेषा मोकळी. घोडा उजवीकडं जाऊ दे, डावीकडं जाऊ दे, जिथं जाईल तिथं जाऊ दे — वजीर मेला. वजीर मेला म्हणजे डाव मेला. डाव मेला म्हणजे जिल्ह्याचा संघ मेला.

आणि खेळाचा नियम काय? ज्या सोंगटीला हात लावला ती खेळायचीच. आजची चाल उद्या परत घेतो, असं नाही. एकच सवलत आहे. सोंगटी वाकडी बसली असेल, तर आधी म्हणायचं, "सरळ करतो," आणि मग हात लावायचा. आधी म्हणायचं.

आप्पांनी घोडा खाली टेकवला. नंतर म्हणाले, "सरळ करतो."

बाईंनी वर बघितलं. म्हणाल्या, "आप्पासाहेब, तुम्ही उचलला होता."

"सरळ करत होतो."

"बोलायच्या आधी उचलला."

"बाई, मी सरळ करत होतो म्हटलं ना."

बाईंनी घड्याळ थांबवलं आणि पंचांना बोलावलं. पंच आले. तरणा माणूस, गळ्यात शिट्टी कशाला होती देव जाणे. त्यांनी दोघांचं ऐकलं. आता आप्पांचा कागद समोर पडलेला. त्यावर 'घ' लिहिलेलं. पंच जरा वाकले असते तर मिटलं असतं. पण आप्पांनी काय केलं? चष्म्याची डबी उचलली आणि कागदावर ठेवली. अशी, सहज.

पंचांनी आजूबाजूला विचारलं, "कोणी बघितलं का?"

शेजारच्या पटावर दोघं खेळत होते. त्यातला एक पार खेळात बुडालेला. दुसऱ्यानं बघितलं होतं. घोडा उचलताना बघितला होता, ऐकलं होतं, सगळं. पण तो आप्पांच्याच मंडळातला. पलूसचा. त्यानं मनात म्हटलं, आपला माणूस आहे. आणि तो आपल्या पटाकडं बघत बसला, जणू काही पटावर मुंग्या मोजायच्या आहेत.

त्याच्याकडं येतो मी नंतर. सोडत नाही त्याला.

साक्षीदार नाही. पंच म्हणाले, "पुरावा नसेल तर तक्रार मान्य करता येत नाही. विनाकारण समोरच्याचं लक्ष विचलित करू नका, बाई." आणि आप्पांच्या घड्याळात दोन मिनिटं वाढवून दिली. अख्ख्या कार्यालयानं माना वळवून बाईंकडं बघितलं. काय आहे, बाई हरायला आली की भांडते, असं कुजबुजले पण कोणी कोणी. त्या बाई काय म्हणाल्या माहिती आहे? त्या आप्पांना म्हणाल्या, "माफ करा. माझी नजर चुकली असेल."

माफी कोणी मागितली? आणि घेतली कोणी?

आप्पांनी मान हलवली. घेतली. मग डबीखालचा कागद काढला, 'घ'वर काट मारली आणि प्याद्याची चाल लिहिली.

डाव पुढं चालला. आणि मंडळी, गंमत बघा देवाची. आप्पा तरी हरले! एकतिसाव्या चालीला आप्पांच्या उंटानं कडेचं प्यादं खाल्लं आणि तिथंच कोंडला. एकेचाळिसाव्या चालीला आप्पांनी हार मानून राजा आडवा केला. बाई चौथ्या आल्या, आप्पा पाचवे.

आता तुम्ही म्हणाल, बुवा, संपलं की. खोटं बोलला, देवानं हरवलं, हिशोब फिटला, करा आरती. मला पण तसंच वाटलं होतं. पण देव एवढा घाईचा नसतो. खरं आख्यान इथनं पुढं आहे. एकदा नाव घ्या त्याचं. विठ्ठल, विठ्ठल. हां. जरा जोरात घेतलं असतं तरी चाललं असतं.

परत येताना एसटीत नाना मगदूम आप्पांच्या शेजारी बसले. विचारलं, "आप्पा, एवढा चांगला डाव. झालं काय?"

आणि हरलेल्या माणसाच्या तोंडाला सुटलेली वाफ ती — आप्पा म्हणाले, "काय सांगू नाना. त्या बाईनं मध्येच खोटी तक्रार केली. डोकं उडालं माझं. तिथनं पुढं लक्षच लागलं नाही."

झालं. एवढंच बोलले. पण नाना तलाठी माणूस. ऐकलं की कागदावर उतरवल्याशिवाय त्यांना झोप येत नाही. आणि नाना जिल्ह्याच्या निवड समितीत पण होते. त्यांनी बुधवारपर्यंत एक पत्र तयार केलं. 'सदर महिला खेळाडू खोट्या तक्रारी करून प्रतिस्पर्ध्याचं लक्ष विचलित करतात, तरी अशांना संघात घेऊ नये.' खाली मंडळातल्या सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या. बाईंना काढलं तर चौथा कोण? पाचवा. पाचवे कोण?

आप्पा.

नाना न्यायी माणूस बरं का. त्यांनी जतला निरोप पण धाडला, की रविवारी आप्पा डाव मांडणार आहेत, तुम्ही या, तुमचं म्हणणं मांडा, मग आम्ही पत्र पाठवू. सह्या मात्र आधीच गोळा करायला घेतल्या. आपल्याकडं असंच असतं. निकाल तयार असतो, ऐकून घेणं राहिलेलं असतं.

आता चला आप्पांच्या दुकानात. हे सगळं मला पुढं आप्पांनीच सांगितलंय, म्हणून सांगतो. शनिवारची दुपार. समोर गिऱ्हाइकाचा काटा उघडून पडलेला, आणि आप्पा त्याला हात न लावता पट मांडून बसलेले. उद्या सगळ्यांपुढं डाव मांडायचा. चूक शोधायला नको?

मोबाईलमध्ये आता यंत्र असतं. चाली घातल्या की ते सांगतं कुठं चुकलं. आप्पांनी सगळा डाव घातला. यंत्रानं एकतिसाव्या चालीवर लाल खूण केली. मोठी चूक. तेविसाव्यावर? काही नाही. तेविसावी चाल त्याच्या मते बरी होती. यंत्राला चाली दिसतात. घोड्याचा कान कुठं दिसतो त्याला?

आप्पा म्हणाले, चला, सापडली. एकतिसावी. उद्या तिथं थांबायचं, म्हणायचं, इथं मी चुकलो. मग परत पहिल्यापासून मांडायला बसले, सराव म्हणून. आणि मंडळी, तेविसाव्या चालीला आले की हात घोड्याकडं जायचा. मागं घेतला. परत मांडला. परत हात घोड्याकडं. प्यादं खेळायचंय, हे डोक्याला माहिती. हाताला कोण सांगणार? आप्पांनी चार वेळा मांडला, चारही वेळा हात घोड्याच्या कानाशी.

मग त्यांनी कागद बघितला. तिथं ती काट. 'घ' आणि त्यावर आडवी रेघ. आप्पांना वाटलं, हे उद्या कोणी बघितलं तर? म्हणून त्यांनी कोरा कागद घेतला आणि सगळा डाव सुवाच्य अक्षरात परत लिहायला बसले.

आतनं बायको आली चहा घेऊन. सगुणाबाई. तिनं बघितलं, पन्नाशीचा नवरा जीभ बाहेर काढून अक्षर वळवतोय.

म्हणाली, "काय हो, गृहपाठ चुकला काय?"

"खराब झालाय कागद. नीट लिहितोय."

तिनं जुना कागद उचलला. "कुठं खराब झालाय? एक काट तर आहे."

"तीच."

"एका काटेसाठी अख्खा कागद? घरातला किराणा लिहिता तेव्हा दहा काटा असतात. तेव्हा नाही कधी नीट लिहावासा वाटला."

आप्पा लिहीत राहिले. ती चहा ठेवून जाता जाता म्हणाली, "तुमचंच म्हणणं असतं ना, दुकानदारानं नवा रंग दिलेला काटा आधी तपासायचा म्हणून." तिला काही माहिती नव्हतं बरं का. ती आपली सहज बोलली. बायका सहज बोलतात आणि आपण आठवडाभर त्याच्यावर जेवतो.

आप्पा मला म्हणाले, "बुवा, चहा गार झाला. मला लाज वाटली, पण उशिरा वाटली आणि खोटी वाटली. मला लाज वाटली ती इंदुताईंना खोटं पाडल्याची नाही. उद्या काट दिसेल याची." बघा माणूस किती सरळ बोलला. आपल्याला लाज वाटते ना कधी कधी? तपासून बघा. केलं त्याची असते, का दिसेल त्याची?

रविवार उजाडला. वरची खोली भरलेली. भिंतीवर कापडी पट. नानांच्या मांडीवर ते पत्र, त्यावर आठ सह्या. आणि कोपऱ्यात, दाराशेजारच्या खुर्चीवर, इंदुताई. जतवरनं दोन गाड्या बदलून आलेल्या. छत्री मांडीवर आडवी. कोणी त्यांना चहा विचारला नाही. आम्ही विचारला नाही. शेवटी सतरंजीवरनं एक जण म्हणाला, "बाई, पाणी?" त्या म्हणाल्या, "नको. माझ्यापाशी आहे."

नाना म्हणाले, "आप्पा, मांडा. बाईसाहेब, मध्ये काही बोलायचं असेल तर हात वर करा."

"मी बोलायला आले नाही," बाई म्हणाल्या. "बघायला आले."

आप्पा उभे राहिले. खिशात दोन कागद. वरच्या खिशात नवा, आतल्या खिशात जुना. नवा काढला. पहिली चाल. दुसरी. पुठ्ठ्याच्या सोंगट्या खिशातनं काढायच्या, खिशात खोचायच्या. लोक मध्येच बोलतायत, "इथं उंट आधी काढायला पाहिजे होता," "आप्पा, इथंच झोपला होतात वाटतं." नेहमीची चेष्टा. दहावी, पंधरावी, विसावी. आवाज ठीक चाललेला.

बावीस.

आणि तेवीस म्हणून आप्पांनी हात वर केला, प्याद्याकडं न्यायला. हात गेला घोड्याकडं. पुठ्ठ्याचा घोडा खिशातनं वर आला, आप्पांच्या चिमटीत.

आणि नाना, कसलीही कल्पना नसताना, नेहमीच्या चेष्टेत बोलले, "आप्पा, हात लावला. आता खेळा."

सगळे हसले. ही मंडळात रोजची मस्करी. कोणी चहाच्या कपाला चुकून हात लावला तरी म्हणायचं, हात लावला, आता प्या.

तेवढ्या इंदुताई हसल्या नाहीत. आणि आप्पा.

आप्पा तो घोडा धरून उभे. हसणं विरलं. नाना म्हणाले, "अहो, प्यादं ना? कागदावर काय आहे?"

आप्पांनी कागद बघितला नाही. त्यांनी घोडा पुढं नेला आणि मधल्या काळ्या प्याद्याच्या खिशात खोचला. मग त्यांनी बाईंचा काळा उंट काढला, तिरका नेला आणि स्वतःच्या वजिराच्या खिशात घातला. वजीर काढून हातात घेतला. मग पांढरा राजा काढला, आडवा केला आणि खिशात आडवाच खोचला.

म्हणाले, "डाव इथं संपला."

नाना म्हणाले, "असं कसं? एकेचाळीस चाली झाल्या ना?"

"पुढच्या एकोणीस माझ्या नाहीत. त्या मी ढापल्या." आणि आतल्या खिशातनं जुना कागद काढून त्यांनी नानांच्या मांडीवरच्या पत्रावर ठेवला. "काट बघा. आधी लिहिलं, मग घोडा उचलला, मग घाबरलो. ताईंनी बघितलं ते खरं होतं. मी कागदावर डबी ठेवली. आणि त्यांनी माफी मागितली ती मी घेतली. तुम्ही सगळे म्हणाल एकतिसावी चूक. यंत्र पण म्हणतं. इथं मी चुकलो, नाना. इथं."

आपला आप्पा! ज्याच्या काट्यावर बाजारपेठ चालते तो. बरं, तो रडला नाही, हात जोडले नाहीत. नुसता उभा, हातात पुठ्ठ्याचा वजीर.

नानांनी ते पत्र उचललं. एकदा सह्यांवरनं नजर फिरवली. आणि नजर एका सहीवर थांबली. तिसरी सही. नानांनी मान वर केली आणि सतरंजीवर बसलेल्या एका माणसाला विचारलं, "तुम्ही तासगावला शेजारच्याच पटावर होतात ना, बुवा?"

मंडळी, आला तो. म्हटलं होतं ना, सोडत नाही त्याला.

तो मी.

घोडा मी बघितला होता. पंचांनी विचारलं तेव्हा मी मुंग्या मोजत होतो. आणि शुक्रवारी नाना पत्र घेऊन आले तेव्हा सही पण केली. त्याच आठवड्यात एका गावात कीर्तन करून आलो होतो. विषय काय होता सांगू? सत्य. दीड तास बोललो. नारळ घेतला, पेढे खाल्ले, घरी आलो आणि सही केली.

नानांनी विचारलं, आणि मी काय बोललो? काही नाही. मान खाली घातली. आज तुमच्यापुढं एवढं तोंड चालतंय माझं, तेव्हा एक 'हो' निघाला नाही. माझ्याऐवजी बाई बोलल्या.

त्या उठल्या. छत्री हातात घेतली. म्हणाल्या, "मला संघाचं एवढं नाही. दोन मिनिटांचं पण नाही. पण त्या दिवशी एसटीत बसले आणि मला वाटायला लागलं, खरंच मी चुकीचं बघितलं की काय. छत्तीस वर्षं या डोळ्यांनी बारीक बारीक पोरांच्या शिरा शोधल्या मी. परवा शेजारणीच्या नातवाला सुई द्यायची होती, तर माझा हात थांबला. म्हटलं, दिसतंय ते बरोबर दिसतंय ना? तुमच्यामुळं मी माझ्या डोळ्यांना विचारायला लागले. तेवढं तुम्ही परत केलंत. बास."

आप्पा म्हणाले, "ताई, मी पंचांना लेखी देतो. निवड समितीला देतो."

"द्या. द्यायलाच पाहिजे." आणि दारापर्यंत गेल्यावर वळून म्हणाल्या, "एकतिसावी पण वाईटच होती तुमची."

तेव्हा सुद्धा कोणाला हसायला आलं नाही. त्या जिना उतरून गेल्या. साडेचारची गाडी. त्यांना स्टँडवर पोचवायला उठणं आमच्यातल्या एकाला पण झालं नाही. कोणत्या तोंडानं जायचं? पंधरा गडी माणसं, खिडकीतनं बघत बसलो. छत्री उघडून चालल्या होत्या उन्हातनं, सरळ, सावकाश.

त्या संघात खेळल्या. आप्पांनी पत्र दिलं, त्यांच्यावर एक वर्षाची बंदी आली, ती त्यांनी भोगली. तो काट मारलेला कागद आजही त्यांच्या दुकानात खिळ्याला लावलेला आहे. गिऱ्हाईक विचारतं, "आप्पा, हे काय?" आप्पा सांगतात. प्रत्येकाला, पहिल्यापासून. धंदा कमी होईल वाटलं होतं. झाला थोडा. काही वाणी दुसरीकडं गेले, खोटं बोललेल्या माणसाकडं काटा नको म्हणून. आप्पा म्हणतात, "बरोबर आहे त्यांचं."

आता सुरुवातीचा सवाल. चूक कधी होते? तुम्ही सांगा. घोडा उचलला, ती चूक खेळातली. कोणाकडनं पण होते. आप्पा म्हणतात, चूक झाली ती डबी ठेवली तेव्हा. पण मी वयानं थोरला, मला वाटतं त्याच्यापेक्षा मोठी माझी. आप्पांना निदान वजीर जायची भीती होती. माझं काय जाणार होतं? माझा वजीर जागेवर होता. मी नुसतं 'आपला माणूस' म्हटलं आणि एका परक्या बाईचे डोळे खोटे ठरू दिले.

आणि आप्पांपाशी निदान कागद होता. काट होती. दाखवायला काहीतरी होतं. जो बघतो आणि गप्प बसतो ना, त्याच्यापाशी कागद नसतो. कुठं काट दिसत नाही. त्याला कोणी विचारत नाही. नानांसारखा एखादा विचारतो, तेव्हा तो मान खाली घालतो.

म्हणून माझ्यापाशी एवढंच राहिलं. तोंडानं मांडणं. गावोगाव जातो, तुम्ही नारळ द्यायच्या आधी हे मांडतो. लाज कमी होत नाही. दर वेळेला त्या खिडकीपाशी आलो की वाटतं, अजून स्टँडवर गाठता येतील त्यांना.

तुम्ही आता घरी जाल. भाऊबंदकीत, सोसायटीत, शाळेच्या बैठकीत, कोणाचा तरी हात घोड्याला लागलेला तुम्ही बघितला असेल. आपला माणूस होता, म्हणून तुम्ही पटाकडं बघत बसला असाल. नावं नका सांगू मला. मला त्यांची नावं नकोत.

आमच्या मंडळाची रीत सांगितली तुम्हाला. हरलेल्यानं उभं राहायचं, भिंतीपाशी जायचं आणि सगळ्यांसमोर मांडायचं. मी माझा मांडला.

आता मी वीणा खाली ठेवतो. टाळ उचलू नका अजून. जरा वेळ कोणी उठतंय का बघू.